तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे

आई : सारखं सारखं बटण नको दाबूस. अडकली ती अडकली. तुझ्या बोटानं हलणार आहे का लिफ्ट?

मुलगी : मजल्याचं बटण नाही दाबत. घंटेचं दाबतेय.

आई : नेमकं आजच. वर पाचव्या मजल्यावर त्या करिअरवाल्या बाई वाट बघत बसल्या असतील आणि आपण इथे तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे लोंबकळतोय. उद्या शाळेत विषय कळवायचेत. एकदा कळवले की बदलून देत नाहीत. वीज गेली वाटतं.

मुलगी : वीज नाही गेली.

आई : तुला काय माहीत?

मुलगी : दिवा चालू आहे, पंखा चालू आहे. आणि वीज गेली तर ही लिफ्ट आपली आपण जवळच्या मजल्यावर जाते आणि दार उघडते. बॅटरी आहे तिला. अशी मधेच थांबली म्हणजे कुणीतरी वरून थांबवलीय.

आई : कुणीतरी म्हणजे कोण?

मुलगी : मामा, इंटरकॉम चालू राहिलाय तुझा. बिस्किट खाल्लेलं ऐकू येतंय.

मामा : नमस्कार. आपण लिफ्टच्या मदत केंद्राशी बोलत आहात. आपला बिघाड आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. आणि बिस्किट नाही, टोस्ट आहे.

आई : टिल्लू?

मामा : इथे टिल्लू नावाचं कुणी काम करत नाही, मॅडम.

आई : डोक्यावरचे केस गेले तुझे, खोड्या नाही गेल्या. आधी चालू कर.

मामा : ताई, ओरडू नकोस. आत हवा मोजकीच असते.

मुलगी : आई, थापा मारतोय. छताला जाळी आहे, भरपूर हवा येते.

मामा : म्हातारे, तू नक्की कुणाच्या बाजूची?

आई : तू इथे काय करतोयस मुळात?

मामा : काय करतोयस म्हणजे? या इमारतीच्या लिफ्टचं काम माझ्याकडे आहे. गच्चीवर मशीनच्या खोलीत होतो. कठड्यावरून खाली बघितलं तर तुम्ही दोघी येताय. तुझा चेहरा असा, की मुलीला चौकीत हजर करायला चाललीयस. हिचा असा, की गुन्हा कबूल करून मोकळी होणार. म्हटलं, वर पोचायच्या आत दोघींनी एकदा बोलून घेतलेलं बरं. घरात तुम्ही बोलत नाही. जिन्यात तुला दम लागतो. राहिली लिफ्ट.

आई : आम्ही बोलतो घरात.

मुलगी : तू बोलतेस.

आई : बघ. हे असं उलट बोलायला कुणी शिकवलं हिला? आणि थांब जरा. ते बॅटरीचं, जाळीचं तुला कुणी सांगितलं?

मामा : हल्ली शाळेत शिकवतात सगळं.

आई : तू गप्प बस. चिऊ, मी तुला विचारतेय.

मुलगी : शनिवारी कळलं.

आई : शनिवारी तुझा गणिताचा जादा क्लास असतो.

मुलगी : असतो.

आई : मग?

मुलगी : क्लास असतो. मी नसते.

आई : कुठे असतेस?

मुलगी : मामाबरोबर. तो ज्या इमारतीत असेल तिथे.

आई : टिल्लू, तुला माहीत होतं?

मामा : मला वाटलं, क्लास सुटल्यावर येते.

आई : क्लास दुपारी सुटतो. ती यायची कधी?

मामा : सकाळी. मला वाटलं, हुशार आहे, तिला लवकर सोडत असतील.

आई : मला बाहेर पडू दे फक्त. तुझ्या त्या लोखंडी दोरालाच टांगते तुला.

मामा : म्हणून तर चालू करत नाहीये. हं, म्हातारे, अर्धं सांगितलंस, आता उरलेलं पण सांगून टाक. तुला काय व्हायचंय ते.

आई : तिला काय व्हायचंय ते मला माहीत आहे. आमचं ठरलंय. सायन्स घ्यायचं आणि मग मेडिकल.

मामा : आमचं म्हणजे कुणाकुणाचं?

आई : हे बघ, तू माझ्या जागी बसून बघ एक दिवस. नाव सांगा, वय सांगा, काय होतंय, हा केसपेपर घ्या, आत जा. पुढचा. दिवसभर मी हॉस्पिटलच्या त्या खिडकीत बसून माणसं आत पाठवते. आत डॉक्टर असतो. त्याला बघून माणसं उठून उभी राहतात. मला बघून विचारतात, अजून किती वेळ लागेल हो. माझ्या मुलीला कुणी असं विचारू नये, एवढंच माझं म्हणणं.

मामा : पटलं. पण ताई, म्हातारीचा जीव यंत्रात आहे. मी बघतो ना. मोटर उघडली की हिचे डोळे असे मोठे होतात, पाणी येतं डोळ्यांत. माझ्यामागे हे सगळं बघणार कोण? मी तर मनात पाटीसुद्धा रंगवून ठेवलीय. ‘मामा आणि भाची, लिफ्टची सर्व कामे’.

मुलगी : मामा.

मामा : लाजू नकोस. सांग.

मुलगी : मला लिफ्टचं काम नाही करायचं.

मामा : काय म्हणालीस? खरखर येतेय मधेच.

मुलगी : खरखर नाहीये. मला लिफ्टचं काम नाही करायचं. ग्रीसचा वास दोन-दोन दिवस जात नाही हाताचा. आणि तू मोटर उघडलीस की मला जांभई येते. तुला वाईट वाटेल म्हणून मी ती दाबून धरते. त्यानं डोळ्यांत पाणी येतं.

मामा : ताई, हसू नकोस.

आई : हसत नाहीये. ठसका लागला.

मामा : मग एवढे शनिवार माझ्याकडे काय करत होतीस तू?

मुलगी : तू काही विचारत नव्हतास. शाळेत विचारतात, काय ठरवलं. शेजारच्या काकू विचारतात, काय ठरवलं. घरी विचारतच नाहीत, सांगतात. तुझ्या त्या खोलीत एवढा आवाज असतो की कुणी कुणाला काही विचारूच शकत नाही. बरं वाटायचं.

मामा : मी फक्त पाना मागायचो.

मुलगी : तोही मी चुकीचा द्यायचे.

मामा : मला वाटायचं, माझी गंमत करतेयस. मी घरी येऊन सांगायचो, पोरगी माझ्यावर गेलीय.

आई : बरं झालं, एक फाटा बंद झाला. आता सोड आम्हाला वर. बाईंनी त्या कल चाचणीचा निकाल काढून ठेवलाय. कशाकडे ओढा आहे ते त्यात स्वच्छ येतं. शास्त्रीय पद्धत असते ती, तुझ्या पाटीसारखं नाही.

मुलगी : आई, त्यात माझा कल नाहीये.

आई : मग कुणाचा आहे?

मुलगी : तुझा.

मामा : थांबा. पंखा बंद करतो. हे मला नीट ऐकायचंय.

मुलगी : पंख्याला हात लावू नकोस. चाचणी मोबाइलवर आली होती. मी सोडवायला बसले तर आई शेजारी येऊन बसली.

आई : मदत करायला.

मुलगी : त्यात होतं, मोकळा वेळ मिळाला तर तुम्हाला काय करायला आवडेल? मी भरलं, लोकांच्या गप्पा ऐकायला. आई म्हणाली, हे चूक आहे.

आई : चूकच आहे ते.

मामा : ताई, त्या चाचणीत चूक-बरोबर नसतं गं.

आई : असं कसं नसेल? परीक्षा म्हटली की बरोबर उत्तर असतंच. नाहीतर एवढे प्रश्न विचारतील कशाला, त्यांना वेळ जात नाही म्हणून?

मुलगी : मग फोन तिनंच हातात घेतला. पहिले काही प्रश्न मला विचारून भरले. मग विचारायचं विसरली. मग तर हसायला लागली.

आई : मी कशाला हसेन?

मुलगी : हसत होतीस. अनोळखी शहरात एकटं जायला आवडेल का, लगेच हो. मित्रमंडळींमध्ये नकला करता का, हो. मी कधी करते नकला?

मामा : ताई करायची. शाळेतल्या झाडून सगळ्या बाईंच्या. मुख्याध्यापिकेची नक्कल रंगात आली होती आणि मुख्याध्यापिका मागे उभी.

आई : ते आता कशाला?

मामा : म्हणजे वरच्या बाई हिला समोर बसवून सांगणार, आमच्या ताईनं काय व्हायला हवं होतं. आणि हिनं ते व्हायचं.

मुलगी : हो.

मामा : ताई? आहेस ना? का जाळीतून निघून गेलीस?

आई : आहे. मला वाटत होतं, मी तुझ्याच बाजूनं भरतेय. खरंच असं वाटत होतं. मधे कधी माझं सुरू झालं ते कळलं नाही.

मुलगी : माहीत आहे.

आई : मग बोलायचं नाही का तेव्हा?

मुलगी : तू मजेत होतीस. म्हटलं, कुठे मोडता घालायचा.

आई : शहाणी. आणि उद्या मेडिकलला जाऊन बसली असतीस?

मुलगी : आज सांगणार होते. वर, त्यांच्यासमोर. पण मग तुझी फजिती झाली असती. म्हणून सकाळपासून पोट दुखतंय.

आई : मला वाटलं दूध बाधलं. बरं. लिफ्ट नको. डॉक्टर?

मुलगी : नको. रक्ताचं वगैरे काही वाटत नाही मला, पण नको.

आई : मग काय हवं?

मुलगी : माहीत नाही.

मामा : अगदीच काही नाही असं कसं? एखादं तरी काहीतरी आवडलं असेल.

मुलगी : ते आजोबा आवडले होते.

मामा : अगं हो की.

आई : कोण आजोबा?

मुलगी : इथे दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे. ते तिथून निघाले, डोळ्यांत औषध घातलेलं, काही दिसत नव्हतं, आणि लिफ्ट अडकली. खरी. मामाची नाही.

मामा : मी वर ब्रेक सोडून हातानं चाक फिरवतोय, घामाघूम. आत आजोबा दार बडवतायत. हिला म्हटलं, तू बोल त्यांच्याशी इंटरकॉमवर, माझे हात मोकळे नाहीत.

आई : माझ्या मुलीला असल्या कामाला लावलंस?

मामा : बोलायलाच सांगितलं, लटकायला नाही.

मुलगी : मी विचारलं, हाताला काय लागतंय? म्हणाले, काहीतरी गार. म्हटलं, तो आरसा आहे. त्याच्याखाली दांडी आहे, ती धरा. धरली? आता पाठ टेका. म्हणाले, तू मला बघतेयस का? म्हटलं, नाही, पण मला ही लिफ्ट पाठ आहे. मग म्हणाले, खाली बायको थांबलीय, जाम चिडली असेल. म्हटलं, असू दे, तुम्हाला आत्ता तिचं तोंड दिसणार नाही. तेव्हा हसले ते. बडवायचे थांबले.

आई : मग?

मामा : मग लिफ्ट खाली आणली. बाहेर आल्या आल्या विचारतात, ती मुलगी कुठाय? मी म्हटलं, कुठली मुलगी? इथे मी एकटाच असतो. आमची लिफ्टच बोलते तशी, माणूस घाबरला की.

आई : टिल्लू, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा?

मामा : खूश झाले गं. जाताना लिफ्टला ‘येतो’ म्हणून गेले.

मुलगी : मला राग आला होता. ते माझं होतं.

मामा : काय तुझं होतं?

मुलगी : ते शांत झाले ते. तू लिफ्टला देऊन टाकलंस.

मामा : हे तू मला तेव्हा सांगितलं नाहीस.

मुलगी : असं काम असतं का पण? नुसतं तेवढंच?

मामा : मला नको विचारू. मी आत अडकलेल्यांवर ओरडतो.

आई : असतं. आमच्याकडे ॲम्ब्युलन्सचे फोन घेणारी एक बाई आहे. गाडी पोचेपर्यंत समोरच्याला फोनवर नुसतं धरून ठेवते. हे करा, आता ते करा, मी आहे. आणि झटका येऊन वाचा गेलेल्यांना परत बोलायला शिकवतात, ती एक पोरगी आहे वरच्या मजल्यावर. मी रोज तिच्याकडे माणसं पाठवते. ती काय शिकलीय, कुठे शिकलीय, कधी विचारलं नाही मी.

मुलगी : दिसत नाही त्यांना एकट्यानं चालायला शिकवणारे पण असतील.

आई : असतीलच. आणि आपल्याला माहीत नाहीत असेही असतील. वरच्या बाईंना विचार. त्याचसाठी तर बसल्यात.

मुलगी : मी विचारू?

आई : मग कोण विचारणार?

मुलगी : तू टेबलाखालून लाथ मारतेस.

आई : मी? कधी?

मुलगी : शाळेत, पालकसभेला. डाव्या नडगीवर.

मामा : मारते. लहानपणी मलाही मारायची, चेहरा हसरा ठेवून. मी साक्ष देतो.

आई : बरं, नाही मारणार. मी आत येतच नाही. चाचणीचं तेवढं सांगते आणि बाहेर बसते.

मुलगी : काय सांगशील?

आई : जे झालं तेच. पेपर हिचा, दिला मी. लाज वाटेल ती मला वाटेल, तू कशाला पोट दुखवून घेतेस? टिल्लू, चालू कर आता.

मामा : करतो. फक्त त्या पाटीचं काय करू ते सांगा.

मुलगी : ‘मामा आणि’ एवढंच ठेव. पुढे जागा सोड. कुणीतरी मिळेल.

मामा : पाना बरोबर देणारा बघतो मग. दारापासून लांब उभ्या राहा दोघी.

(थोड्या वेळाने. लिफ्ट पाचव्या मजल्यावर उभी. आत एकटी आई.)

आई : टिल्लू, आहेस का रे?

मामा : आहे. या वेळी मी काही केलेलं नाही, देवाशपथ.

आई : माहीत आहे. दार उघडंच आहे. बाकावर बसवेना, म्हणून आले बोलायला.

मामा : म्हातारी?

आई : आत. एकटी. पुन्हा पहिल्यापासून देतेय चाचणी. दाराला काच आहे, पण मी बघत नाही.

मामा : बघितलंस.

आई : एकदाच. छताकडे बघत बसलीय. एका प्रश्नाला एवढा वेळ लावतात का?

मामा : लावू दे. बाई काय म्हणाल्या तुला?

आई : वाटलं होतं, झापतील. म्हणाल्या, असे आईवडील येतात अधूनमधून, पण कबूल कुणी करत नाही. आणि पाकीट पुढे केलं. हा निकाल तुमचा आहे, म्हणाल्या, घेऊन जा.

मामा : मग? काय निघालं तुझं?

आई : उघडलं नाही. त्यांच्याच टेबलावर ठेवून आले. म्हटलं, आधी तिचं होऊ दे.