शनिवारी भिजवलेला गी

मी, मैत्री यतीन शेजवळ, वय ३१ वर्षे, धंदा फिजिओथेरपिस्ट, राहणार तुकोगंज, इंदूर, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती यतीन यांच्यासह राहते. माझे म्हणणे मी मराठीत सांगत असून मराठी जाणणाऱ्या महिला पोलिस कर्मचारी ते लिहून घेत आहेत.

माझे पती घराजवळ ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास चालवतात. मीही तिथेच शिकले. हा कुस्तीसारखा खेळ असून सराव दोन प्रकारे होतो. गी म्हणजे जाड सुती जॅकेट, पँट व पट्टा. तो अंगात असला की समोरच्याची कॉलर पकडून गळा आवळता येतो. नो-गीमध्ये अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट असतो, पकडायला कापड नसते. सहन झाले नाही तर हाताने थाप मारायची, त्याला टॅप म्हणतात. टॅप होताच सोडायचे. आमच्याकडे शनिवारी फक्त नो-गी असते.

गेल्या शनिवारी दुपारी पती घरी आले व म्हणाले, "शिखा को थोडं लागलं. नो-गीत कुणाचा तरी हात गळ्यावर बसला. दवाखान्यात सोडून आलो." शिखा जयसिंगराव फणसे, वय २०, ही त्यांची सर्वांत चांगली विद्यार्थिनी. मला ती दीदी म्हणते.

त्यानंतर मी कपडे धुवायला बाथरूममध्ये गेले असता बादलीत पतींचा गी भिजत घातलेला दिसला. पती स्वतःचे कपडे कधी भिजवत नाहीत. मी विचारले, "आज तर नो-गी होतं ना?" ते म्हणाले, "डेमो दिला यार, तू भी ना." मी तो गी धुऊन वाळत घातला.

संध्याकाळी मी शिखाला भेटायला गेले. गळ्याला सूज होती, आवाज फुटत नव्हता. मानेवर अरुंद, खरचटलेला वळ होता व त्यात कापडाची वीण उमटलेली होती. उघड्या हाताने तसा वळ उठत नाही. तिचे वडील म्हणाले, "खेळात लागतंच हो. सर किती जीव लावतात तिला." त्यावर शिखाने तोंड भिंतीकडे फिरवले.

दुसऱ्या दिवशी मी क्लासमधल्या चारुलताला फोन केला. ती म्हणाली, "क्लास सुटल्यावर सरांनी शिखाला थांबवलं आणि कपाटातून आपलं जॅकेट काढलं. मला वाटलं यार, स्पर्धेच्या सिलेक्शनचं काही असेल. आम्ही निघालो."

याबाबत मी पतींना विचारले असता त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. नंतर म्हणाले, "तू माझी बायको की तिची वकील? ती काही बोलणार नाही." ती बरी होईल की नाही, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. त्या दिवसापासून माझा मोबाईल मला रोज वेगवेगळ्या जागी ठेवलेला सापडत होता.

काल शिखाला कुजबुजण्याइतका आवाज आला. वडील चहाला गेल्यावर तिने माझा हात धरला. ती म्हणाली, "दीदी, मी सरांना सांगितलं, मी आता भोपाळच्या क्लासला जाणार. सर हसले. म्हणाले, जा, पण जाण्याआधी एक राउंड. मला त्यांचं जॅकेट घालायला लावलं. मी टॅप केलं. परत परत केलं. ते कानात म्हणाले, भोपाळमध्ये पण असंच टॅप करशील?" पुढचे तिला आठवत नाही. मी तिला विचारले, पोलिसांना सांगशील का? ती म्हणाली, "आधी तुम्ही सांगा."

तो गी धुऊन वाळलेला आहे. मी तो पिशवीत घालून आणला असून आज हजर करत आहे. मी येथे आल्याचे पतींना माहीत नाही.

पतींनी कधी माझ्यावर हात उगारला किंवा माझा गळा धरला आहे काय, असे मला विचारण्यात आले. त्याचे उत्तर मला शिखाच्या कागदात घालायचे नाही. त्यासाठी वेगळा जबाब द्यायला मी उद्या आईला घेऊन येईन.

माझा हा जबाब मला मराठीत वाचून ऐकवला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे व खरा आहे, म्हणून सही करते.

मैत्री