काढ्याचा चोथा

दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या वृद्ध बाईंना दुसऱ्यांचे बोलणे ऐकण्याची सवय नव्हती. पण समोरच्या बाकावरची आत्या, तिचे खोकणारे यजमान आणि वनस्पतींवर प्रबंध लिहिणारी भाची यांना हळू बोलण्याचीही सवय नव्हती.

“आत्या, तुझ्या काढ्याच्या पाल्याचा पाण्यातला अर्क जंतूंवर टाकून पाहिला. जंतू ढिम्म हलले नाहीत.”

“चाळीस वर्षं घरादाराला पाण्यातच उकळून पाजलाय मी.”

“मद्यार्कातला टाकला, तर सगळे साफ.”

“म्हणजे दारूच ना? माझ्या काढ्याला दारू शिकवू नकोस. प्रबंधात माझं नाव येणार आहे.”

“पाण्यात गुण नाही, हे लिहावंच लागेल गं.”

“मग बाकीचं घर महिनाभर खोकायचं, तेव्हा यांचा खोकला आठवड्यात कसा जायचा?”

“आतोबा, तुम्ही काढाच घेत होतात ना?”

“घेत होतो की. थोडा.”

“आणि गाळून उरलेला चोथा?”

“तो हे परसात नेऊन झाडांना घालायचे. तेवढं एक काम न सांगता करायचे.”

“आतोबा?”

“बाटलीत घालायचो. वाया कशाला घालवायचा?”

वृद्ध बाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी शेजारच्या गृहस्थांना पुढे जाण्याची खूण केली.

“मग यंदा खोकला का हटत नाही?”

“याच डॉक्टरांनी बाटली बंद करायला लावली.”

“आत्या, आता काय लिहू?”

“लिही, पाल्याचा गुण दारूत उतरतो. शोध माझा.”

“आणि आतोबांचं नाव?”

“त्यांचं घरी गेल्यावर बघते.”