फरीदाभाभींचं शिफ्टिंग

“…फरीदाभाभी ब्लॉक सोडून चालल्यात, आणि कारण काय म्हणाल तर आपली क्रांतीकाकू, तिच्या त्या…” बस. एवढ्यावर गिरणी सुरू झाली. आता तुम्हाला सांगते, त्या गिरणीवाल्याला सकाळपासून वेळ नव्हता का खटका दाबायला? नेमकं माझं नाव निघालं आणि ह्याला गव्हाची आठवण झाली. मी मागं उभी, काखेत ज्वारीचा डबा. पुढं आमच्याच बिल्डिंगमधली तिसऱ्या मजल्यावरची अंकिता, गिरणीवालीच्या कानाला लागलेली. तिचं तोंड हलताना दिसतंय, गिरणीवालीची मान हलताना दिसतीय, मध्येच दोघी हसल्या तेपण दिसलं, पण ऐकू काय येतंय? घर्रर्र. आणि गिरणी बंद झाली तेव्हा विषय कुठं, तर कोथिंबिरीच्या भावावर. मागं वळून अंकिता मला म्हणते कशी, “अगंबाई, काकू, तुम्ही कधी आलात?” मी म्हटलं, आत्ताच गं बाळ, आत्ताच.

माझ्या त्या काय?

घरी आले, डबा ठेवला आणि बसले आठवत. माझ्या त्या भजनी मंडळामुळं? पण ते गुरुवारी, तासभर, आणि फरीदाभाभी स्वतः दुसऱ्या दिवशी म्हणतात, वहिनी, काल टाळ जरा कमी वाजले. माझ्या त्या कुरडयांमुळं? गच्ची काय एकट्या त्यांची आहे का, आणि निम्म्या कुरडया त्यांच्याच घरी जातात. माझ्या त्या सुक्या बोंबलांच्या वासामुळं म्हणावं, तर बोंबील करायला त्यांनीच शिकवलेत. शेवटी ह्यांना विचारलं, म्हटलं, माझ्यात असं काय आहे हो, की ज्याच्यामुळं माणूस घर सोडून जाईल? हे पेपर वाचत होते. आता नवऱ्यानं अशा वेळी आधी ‘काही नाही’ म्हणावं की नाही? हे म्हणतात, “एकच सांगू का सगळं?”

आता फरीदाभाभी कोण, ते सांगते. आमची बिल्डिंग सांगलीत, गावभागाच्या अंगाला, कृष्णेच्या जवळ. भाभी तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. अठरा वर्षांचा शेजार. त्या घरी ब्लाउज शिवतात, नईमभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. आणि आमच्याकडं तुम्हाला माहीतच आहे, पावसाळा आला की माणूस माणसाला ‘कसं काय’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती फूट’ विचारतो. आयर्विन पुलाशी नदीचं पाणी पस्तीस फूट झालं की तळमजल्याचं सामान वर. कुणाच्या वर? माझ्या! एकोणीस सालच्या पुरात सगळा संसार माझ्या हॉलमध्ये, सव्वीस दिवस. एकवीस साली परत तेच. फ्रिज माझ्या बेडरूममध्ये, शिलाई मशीन माझ्या देवघरासमोर, गाद्यांच्या थप्पीवर आमचे हे झोपायचे, कूस बदलली तर पंख्याला नाक लागायचं. पण मी कधी बोलले? कुणापुढं एका शब्दानं बोलले? तुम्हाला आत्ता सांगितलं. अंकिताला सांगितलं, ती नवी सून होती म्हणून. भजनी मंडळात ओघानं निघालं. भाभींच्या मुलाच्या, झिशानच्या सासरची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना जिन्यात सांगितलं, कारण सोयरीक करताना माणसाला माहिती पाहिजे की नको? पण बोलून दाखवायचा माझा स्वभावच नाही.

तर गेले खाली. विचारायला नव्हे, कढीपत्ता मागायला. त्यांच्या दारात झाड आहे. भाभी म्हणाल्या, बरं झालं आलात वहिनी, तुम्हाला सांगणारच होते. म्हणजे बघा. सांगणार होते. गिरणीत पीठ झालं, मग मला सांगणार होते. कुपवाड रस्त्याच्या पलीकडं, परवापरवापर्यंत जिथं नुसती हळद वाळत पडलेली असायची, तिथं आता अकरा-अकरा मजली बिल्डिंगी उभ्या राहिल्यात ना, त्यातल्या एकीत नवव्या मजल्यावर घेतलाय म्हणाल्या. नईमभाईंच्या छातीला इथल्या भिंतींची ओल सोसत नाही, डॉक्टरनं सांगितलंय. मी म्हटलं, अहो भाभी, पण ओलीसाठी एवढं लांब कशाला? माझ्या समोरचा ब्लॉक आठ महिने विकायला पडलाय, किल्ली माझ्याकडं आहे, ओलीचा थेंब नाही, दार उघडलं की समोर मी.

त्या म्हणाल्या, “हो ना. समोर तुम्ही.” आणि कढीपत्ता तोडायला लागल्या.

मी म्हटलं, बरं, गेलात तर गेलात, सामान कधी हलवायचं तेवढं सांगा. ह्यांना रजा टाकायला लावते, अंकिताचा नवरा आहे, मंडळाच्या चौघीजणी आहेत, पोहे मी टाकते. कारण आमच्या बिल्डिंगीत आजपर्यंत असंच झालंय हो, कुणी आलं कुणी गेलं, ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं उचलायचं. तर भाभी म्हणाल्या, “नको वहिनी, तुम्ही त्रास घेऊ नका. माणसं केलीत.”

माणसं केलीत. मग अठरा वर्षं आम्ही कोण होतो?

दुसऱ्या दिवशी ती शिफ्टिंगवाली माणसं आली, म्हणजे आधी एकटा त्यांचा मुकादम आला, सामान बघायला. अमृत नाव, भिलवडीकडचा, चांगला मिशावाला गडी, अंगात लाल टी-शर्ट आणि पाठीवर छापलेलं, ‘सुखरूप शिफ्टिंग – आपलं समजून’. घरभर फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढायचा आणि नग लिहायचे. भाभींना विचारतो, डिनरसेट किती नगांचा? भाभी बसल्या आठवत. मी दारातूनच सांगितलं, एक्कावन्नचा, पण एक बशी बकरी ईदला फुटली, पन्नास लिही. माळ्यावर काय? म्हटलं, बिर्याणीची मोठी डेग एक, पाहुण्यांच्या गाद्या चार आणि नईमभाईंच्या आईची ट्रंक, तिला कुलूप आहे पण किल्ली मशीनच्या खणात. अमृतनं माझ्याकडं बघितलं, भाभींकडं बघितलं आणि म्हणाला, “घर कुणाचं हाय नक्की?” भाभी हसल्या. पण कशा हसल्या… ते ओठांनी हसतात ना, तसं. झालं, परत तेच. माझ्या त्या काय?

शिफ्टिंगच्या दिवशी यायचे चौघं, आले तिघं. चौथ्याची म्हैस अडली होती म्हणे. पण काम, काय सांगू तुम्हाला. पुठ्ठे काय, कागद काय, ते फुगे-फुगेवालं प्लास्टिक काय, दोन तासांत सगळं घर गुंडाळलं आणि एक भांडं वाजलं नाही. अठरा वर्षांत त्या घरातून एवढा कमी आवाज मी कधी ऐकला नव्हता. दारात उभी राहून ऐकत होते. मग टेम्पो भरला. भाभी आणि नईमभाई मागं थांबणार, मीटरवाला यायचा होता. मी विचार केला, बिचारी दमूनभागून येणार, नवं घर कसं लावलेलं तयार पाहिजे. आणि कुणाला न विचारता टेम्पोत अमृतच्या शेजारी जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, घर लावायचं हे निम्मं कारण. निम्मं कारण असं की हा गडी भाभींच्या घरात हिंडलाय, ह्याच्या कानावर काहीतरी पडलं असणार. विश्रामबाग येईपर्यंत तीन बाजूंनी विचारून बघितलं. शेवटी तो म्हणाला, “काकी, आमी सामान नेतो. बोलणं न्हाई नेत.”

नव्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन. वॉचमन कसला, तहसीलदारच. सामान अकरा ते चारमध्येच न्यायचं, मागच्या लिफ्टनंच न्यायचं, शिफ्टिंगवाल्यांच्या यादीतली चार माणसं आत, बाकी सगळे व्हिजिटर, घरमालक फोनवर हो म्हणाले तर आत. लावला फोन. भाभींनी उचलला नाही. परत लावला. नाही उचलला. मी म्हटलं, अरे बाळा, मी त्यांची शेजारीण. तो म्हणतो, “कुठल्या फ्लॅटच्या?” आता काय सांगायचं? अठरा वर्षं शेजारीण, आणि त्या गेटवर शेजारणीला नंबरच नाही. भर उन्हात उभी. शेवटी अमृतलाच दया आली, म्हणाला, काकी, चौथ्याचा टी-शर्ट गाडीत हाय, घाला. घातला. साडीवर लाल टी-शर्ट, पाठीवर ‘आपलं समजून’, आणि यादीत चौथं नाव – क्रांती, लोडिंग-अनलोडिंग. वॉचमननं फोटोपण काढून घेतला माझा. मी हसले फोटोत. सवय.

वर गेलो. पदर खोचला. आता फरीदाभाभींचा संसार कसा लावायचा हे मला कुणी शिकवायला नको, दोनदा लावलाय मी, डोळे बांधून लावीन. कागदपत्रांची पेटी सगळ्यात वर. धान्याचे डबे वरच्या फळीवर, कपबश्या त्याच्याही वर. गाद्या माळ्यावर. टेबल पलंगावर, मशीन टेबलावर. शेजारच्या विंगचं बांधकाम चाललं होतं, तिथून सिमेंटचे ब्लॉक मागून आणले, चार फ्रिजखाली, चार कपाटाखाली. तुम्ही म्हणाल, त्या माणसांनी काही विचारलं नाही? अहो, ती भिलवडीकडची, नदीकाठची माणसं. अमृतनं एकदाच विचारलं, “काकी, किती फुटाचं पाणी धरून लावू?” मी म्हटलं, पंचावन्नाचं धर. तो म्हणाला, बरं. तुम्हाला सांगते, चार वाजेपर्यंत, चार माणसांत, एकाच्यापण डोक्यात आलं नाही की आपण नवव्या मजल्यावर उभे आहोत.

भाभी आल्या. दारातच थांबल्या. खाली नवीकोरी फरशी, सगळी मोकळी, आणि संसार तेवढा कमरेच्या वर. नईमभाईंनी एकदा फ्रिजकडं बघितलं, एकदा खिडकीतून खाली बघितलं, आणि जे हसायला लागले, खोकला आला तरी हसतच होते. मग अमृतच्या डोक्यात उजेड पडला, तोही हसला. मीपण हसले. म्हटलं भाभीही हसत असतील, म्हणून बघितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “नवव्या मजल्यावरपण मी पूरग्रस्तच का?”

मग माझंही सुटलं. म्हटलं, भाभी, एकदाचं सांगून टाका. अख्खी गिरणी जाणते, मला तेवढं माहीत नाही. माझ्या त्या काय? माझ्या कशामुळं चाललात तुम्ही?

त्या बसायला गेल्या, तर पलंगावर टेबल. उभ्यानंच म्हणाल्या, “पाण्यामुळं चाललो. अल्लाची शपथ, पाण्यामुळं, ह्यांच्या छातीमुळं. पण तुमच्या समोरचा ब्लॉक घेतला नाही ना, तो तुमच्यामुळं. पाणी दोनदाच आलं, वहिनी. तुमचे सव्वीस दिवस दर आठवड्याला येतात. झिशानच्या सासरच्यांना मी चहा विचारायच्या आधी त्यांना ते कळले होते. उपकार मी नाकारत नाही. पण रोज जिना चढून त्यांच्याच समोर राहायला जायचं, ते होईना माझ्यानं.”

तर हे. माझ्या त्या उपकारांमुळं. म्हणजे अंकिता म्हणत होती ते खरं नव्हतं. म्हणजे निम्मं नव्हतं.

अमृतनं टेबलाची एक बाजू धरली, मी दुसरी धरली, घेतलं खाली. फ्रिज ब्लॉकवरून उतरवला. गाद्या काढल्या. एकेक वस्तू जमिनीवर ठेवत गेलो, आणि काय सांगू, ठेवताना माझा हातच सुटत नव्हता, सारखं वाटायचं, भिजेल की हो. भाभींनी चहा केला. सगळ्यांना कागदी कपात. मलापण कागदी कपात. म्हणाल्या, वहिनी, कपबश्या अजून गुंडाळलेल्याच आहेत. आता त्या गुंडाळलेल्या नव्हत्या. मी स्वतः सोडून, पुसून, वरच्या फळीवर मांडलेल्या, तिथून दिसत होत्या. पण मी बोलले नाही. बघा, बोलले नाही.

चार दिवसांनी अमृत आला, टी-शर्ट न्यायला. धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. जाता जाता म्हणाला, काकी, एक दाखवू का, आणि मोबाईल पुढं केला. त्यांच्याकडं आता काम झालं की गिऱ्हाइकाला विचारतात, सेवा कशी वाटली, प्रत्येक माणसाला वेगवेगळे तारे द्या. भाभींनी भरलं होतं. अमृत, पाच. दोघं बाकीचे, पाच-पाच. क्रांती, लोडिंग-अनलोडिंग, पाचापैकी तीन. आणि पुढं दोन ओळी लिहिल्या होत्या, ‘कामाला वाघ. एक वस्तू फुटली नाही. बोलणं कमी केलं तर बरं.’

अमृत म्हणाला, काकी, मनाला लावून घेऊ नका.

मी म्हटलं, मनाला काय लावायचं रे? पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास. मला तर दहावीला दोनदा बसूनसुद्धा एवढे पडले नव्हते.