आधी आम्ही बसतो

हसताय काय, कंपनीची मूल्यं ठरवताना जरा जपूनच ठरवा रे. मरोळला आमचा लिफ्टदुरुस्तीचा धंदा, मी आणि सचिन, दोघंच. कार्ड छापताना मी म्हटलं, "विश्वास, दर्जा हे सगळेच लिहितात. आपण लिहू, दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये आधी आम्ही बसतो." सचिन म्हणाला, "झकास!"

पहिलंच काम मुलुंडच्या एका सात मजली बिल्डिंगमध्ये. दोर बदलून झाला. सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंनी कार्ड वाचलं आणि लिफ्टचं दार उघडून धरलं. "बसा मग."

सचिन वर मशीनरूममध्ये होता, म्हणजे मीच बसलो. पाचव्या मजल्याच्या पुढे लिफ्टने गचका खाल्ला आणि मध्येच थांबली. दिवाही गेला.

"सचिन, काय झालं रे?"

पायाखाली पाच मजल्यांची पोकळी. दोर आम्हीच बसवलेला, म्हणून तर जास्त फाटली.

मग सचिन ओरडला, "मेन स्विच पाडून ब्रेक बघत होतो! धरतोय नीट!"

"आधी सांगायचं ना यार!"

खाली आलो तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. कसाबसा हसत म्हटलं, "झालं काकू. या, बसा."

"नको बाबा," म्हणत काकू जिन्याकडे वळल्या. "कार्ड वाचलं होतं. आता तुमचं तोंडही बघितलं."