दाजींचे दोन डबे

उमरीच्या आमच्या दाजींसमोर मुटक्यांचं नाव काढू नका बरं का, आधीच सांगून ठेवतो. दाजींना जेवणाला नावं ठेवायची खोड. आक्कानं काहीबी करू द्या, मीठ तरी कमी पडायचं, न्हाई तर हिंग तरी.

गेल्या पुनवेला आम्ही दोघं तलावावर मोठा मासा धरायला गेलो. उजेडानं मासा बुजतो म्हणून दाजींनी बॅटरी लावू दिली न्हाई. म्हणाले, "एवढं चांदणं हाय की! मला सगळं दिसून राहिलं."

डबे दोन, दोन्ही सारखेच. एकात आक्कानं पीठ मुठीत वळून, वाफवून दिलेले मेथीचे मुटके, दुसऱ्यात दाजींनी पेंड, कोंडा अन् हिंग मळून केलेले गळाचे गोळे.

मला भूक नव्हती. दाजींनी एक डबा उघडून चार खाल्ले अन् बोटं चाटत म्हणाले, "लग्नाला वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुझ्या आक्काला हिंग जमला!"

तेवढ्यात गळाला जोराचा हिसका बसला. हाताएवढा लांब कटला मासा निघाला! दाजी लई खूश. "बघ, माझ्या गोळ्याची करामत!"

घरी आक्का माशाच्या तोंडातला गळ काढू लागली अन् मधीच थांबली. "अहो, ह्याच्या तोंडात मेथी कशी काय?"

दाजींचा हात हळूच पोटावर गेला. "मग मी काय खाल्लं?"

आक्का हसली न्हाई. कटल्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बिचाऱ्यानं जीव दिला, पण माझ्या मुटक्याला नावं न्हाई ठेवली."