सालोमतची वेल आणि गॅसचा पाइप

…आणि वर मलाच म्हणतात, मामारसूल, तू चिडतोस फार! चिडू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, आमच्या नगरपालिकेनं गॅस कंपनीशी करार केला, एकोणपन्नास वर्षांचा! रस्त्याकडेचे खांब गावाचे, त्यावरून जाणारा पाइप कंपनीचा. करा की! कोण नको म्हणतंय? हिवाळ्यात शेगडी पेटली पाहिजे, मलाही थंडी वाजते. पण कलम नऊ! 'पाइपपासून हातभर अंतरात अन्य काहीही असता कामा नये.' काहीही! अहो, सही करण्याआधी एकदा मान वर करून बघा की!

वर काय आहे? वेल आहे! आमच्या फरगान्याच्या खोऱ्यात गॅसचा पाइप कसा, पिवळा रंग फासून डोक्यावरनं जातो, कुणाचं फाटक आलं की कमान करून वर चढतो, पुन्हा खाली उतरतो… आणि आमच्या फाटकावरच्या कमानीवर माझ्या बायकोची, सालोमतची वेल. एकतीस वर्षांची! लग्न होऊन आली तेव्हा माहेरून गाद्या-रजया तर आणल्याच, पण मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी. मला वाटलं, संपलं, पहिल्याच दिवशी माझ्यासाठी छडी घेऊन आली! ती ही वेल. हुसैनी द्राक्षं, बोटाएवढी लांब. अर्धी गल्ली तिच्या सावलीत. तोलिब आजोबा, म्हणजे मोहल्ल्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस, उन्हाळाभर तिच्याखालच्या बाकावर चहा पीत बसतात. माझ्या दोन्ही मुली त्या सावलीतूनच सासरी गेल्या हो… ती कापायची?

कंपनीचा पहिला माणूस आला करवत घेऊन. आता दारात आलेल्याशी भाकरतुकड्याआधी कामाचं बोलतं का कुणी? नान मोडली, चहा झाला, पुलाव वाढला. जेवला, आणि सालोमतला म्हणतो, "ओपा, ताई, तुमचं मीठ खाल्लं, आता या हातानं करवत कशी चालवू?" गेला! दुसरा आला, त्यानं तर दोनदा वाढून घेतलं. तोही गेला!

मग आला रौशनबेक, कंपनीचा अधिकारी. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, आणि… स्वतःचा फ्लास्क! रुमालात स्वतःची नान! "मी इथं पाणीसुद्धा घेणार नाही, अका," मोठ्या भावाला म्हणावं तसं मला म्हणाला, "करार म्हणजे करार."

माझं डोकंच फिरलं. गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडलो, "कुठल्या शहाण्यानं सही केली यावर?" त्यानं शांतपणे फाइल उघडली. एक सही नगरपालिकेची, एक कंपनीची, आणि तिसरी… मोहल्ला समितीच्या चिटणिसाची. चिटणीस कोण? मीच! वसंतात गठ्ठा आला होता कागदांचा, मी आपला ठोकत गेलो सह्या… आता एवढं कोण वाचतं?

सालोमत माझ्याकडे बघत होती. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं! एवढंच म्हणाली, "अहो, सही करण्याआधी एकदा मान वर करून बघायचं की." आता कळलं ना, हे वाक्य कुणाचं ते?

आणि गेली, तर काय केलं या बाईनं? रौशनबेकची शिडी धरली! "डुगडुगतेय, पडाल." आपलीच वेल कापायला निघालेल्याची शिडी!

जुलैची दुपार. तो वर, फ्लास्क खाली. शर्टाची इस्त्री गेली, घाम डोळ्यांत, आणि बरोबर तोंडासमोर पिकलेला घोस. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं… आणि टाकलं की एक द्राक्ष तोंडात!

"गोड आहे का हो, भाऊ?" सालोमत खालून.

वरून बारीक आवाजात, "…गोड आहे, ओपा." आणि लगेच सावरून, "पण द्राक्ष म्हणजे काही मीठ नव्हे!"

तोलिब आजोबांनी पियालासुद्धा खाली ठेवला नाही. "ज्या हातानं खाल्लंस, त्याच हातानं कापणार का रे? काप. बघू दे आम्हाला."

उतरला. तोही दोनदा वाढून घेऊन जेवला, बरं का!

मग हात धुऊन पुरवणी करार लिहायला बसला. सालोमत सांगतेय, हा लिहितोय. वेल राहील, पण पाइपपासून हातभर लांब, वेगळ्या मांडवावर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, कागद ओढला आणि ठोकली सही! मग तोलिब आजोबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. 'पाइपकडे झेपावणारे तणावे दर शुक्रवारी सोडवण्याची जबाबदारी चिटणीस मामारसूल यांची, स्वतः, शिडीवर चढून.' मुदत? एकोणपन्नास वर्षं! मी आज त्रेसष्टचा आहे हो!

आता दर शुक्रवारी मी शिडीवर. खाली सालोमत, शिडी घट्ट धरून, "डावीकडचं राहिलं… अहो, तो बघा, अजून एक!" बघतोय, बाई, बघतोय. मान वरच आहे माझी… तीन आठवडे झाले, खालीच येत नाही!