दर जूनमध्ये विचारा

(मिलवॉकी. जूनची तीस तारीख, शुक्रवार. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर. ओडेसा प्रुइट शुक्रवारच्या जेवणासाठी मासे तळते आहे. तिचा मुलगा मार्केल शहराच्या बास्केटबॉल क्लबचा खेळाडू; त्याचा करार आज संपतो आहे. तिचा थोरला भाऊ लूशस नुकताच आत आला आहे.)

लूशस : पाच वाजून तास होत आला, ओडेसा. बाकीच्या क्लबांवरची बंदी उठली. आता कुणीही मार्केलशी बोलू शकतं.

ओडेसा : माहीत आहे. माझ्या एप्रनचा खिसा मघापासून थरथरतोय.

लूशस : त्याचा फोन तुझ्याकडे?

ओडेसा : माझ्या हातात दिला. म्हणाला, कुणाचाही आला तरी उचलू नकोस. आणि गेला.

लूशस : कुठे?

ओडेसा : सत्तावीस वर्षांचा मुलगा आहे, मी विचारत नाही. ती पिठाची परात इकडे सरकव, नाहीतर बाहेर जाऊन बस.

लूशस : बाहेर बसवत नाही. सगळी मंडळी ताटं पुढ्यात घेऊन बसलीत आणि एकही जण माशाबद्दल बोलत नाही. पास्टर म्हणाले, लूशस, त्याच्या हातात पहिला बॉल तू दिलास, तो तुझं ऐकेल. मी म्हटलं, मामाचं नाही, आईचं ऐकतो. म्हणून आलो.

ओडेसा : पास्टरांनी रविवारी प्रार्थना केली, देवा, आमच्या मार्केलला आमच्याकडेच ठेव. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा आवाज एवढा चढला नव्हता.

लूशस : म्हणून तू पुढच्या बाकावरून उठून चालती झालीस. ती जांभळी हॅट घालून. सगळ्या चर्चने पाहिलं.

ओडेसा : पाहावं म्हणूनच घातली होती.

लूशस : अगं, पण लोकांचं चुकलं काय? लॉस एंजेलिसच्या क्लबला तो हवाय, पण तिथून एक खेळाडू गेला तर दुसरा येतो. समुद्र आहे, सिनेमावाले आहेत. आपल्याकडे जानेवारीत कोण येतंय? इथे खेळायला कुणी चांगला हवा असेल तर तो इथेच जन्मावा लागतो. माझ्या हयातीत एक जन्मला.

ओडेसा : कळा मला आल्या होत्या. शहराला नाही.

लूशस : आपला क्लब पाच वर्षांचा करार द्यायला तयार आहे. बाहेरच्यांना एवढं देताच येत नाही, नियमच तसा आहे. मग जायचं कशासाठी?

ओडेसा : त्या गोठवलेल्या कस्टर्डच्या दुकानातला फळा आठवतो?

लूशस : आलं का ते पुन्हा?

ओडेसा : पुन्हा तेच. त्याच्या नावाचा फ्लेवर होता, चेरी आणि अक्रोडाचा. मे महिन्यात शेवटच्या मॅचला त्याचे दोन फ्री थ्रो हुकले. दुसऱ्या दिवशी शाळेची बस घेऊन मी तिथून गेले, तर फळ्यावरचं नाव पुसलेलं. कस्टर्ड तेच, नुसतं 'चेरी-अक्रोड'.

लूशस : आठवड्याभरात परत लिहिलं ना त्यांनी.

ओडेसा : तेच सांगते आहे. पुसलं, परत लिहिलं. खडू त्यांच्या हातात. आणि तू म्हणतोस अजून पाच वर्षं राहू दे.

लूशस : बरं. आणि मागच्या दाराखाली हे काय अडकवलंयस?

ओडेसा : धूर जायला दार उघडं हवं होतं, पाचर मिळेना. आज सकाळी माझ्या अंगणात ही पाटी रोवलेली होती. 'मार्केल, राहा.' गल्लीभर आहेत, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या गवतात?

लूशस : कुणीतरी प्रेमाने लावली असेल.

ओडेसा : तुझ्या ट्रकमध्ये त्याच पाट्यांचा गठ्ठा आहे.

लूशस : ...हो, मीच लावली. मी म्हातारा झालो, ओडेसा. लॉस एंजेलिसच्या मॅच सुरू होतात तेव्हा इथे मी झोपलेला असतो. माझ्या भाच्याचा खेळ मी सकाळी पेपरात वाचायचा?

मार्केल : (मागच्या दारातून येत) आई, माझ्या नावावर पाय देऊनच आत यावं लागलं.

ओडेसा : पाय पुसून आलास ना? बस. होतास कुठे?

मार्केल : कस्टर्ड खायला गेलो होतो.

लूशस : आज? आत्ता?

मार्केल : रांगेत उभा राहिलो. गल्ल्यावरची बाई रडवेली झाली, म्हणाली, तेव्हा नाव मी पुसलं नव्हतं, मालकाने पुसलं. मी म्हटलं, फडकं द्या. आणि स्वतःच पुसलं. कस्टर्ड राहू दे म्हटलं, चांगलं आहे.

ओडेसा : म्हणजे जातोयस. ठीक आहे. मी 'जा' असंच म्हणणार होते.

मार्केल : माहीत आहे. तू 'जा' म्हणणार, मामा 'राहा' म्हणणार, पास्टर देवाला सांगणार. तिथल्याच फोनवरून आपल्या क्लबच्या मॅनेजरशी बोललो. म्हटलं, पाच वर्षं नकोत, एक वर्ष. पुढच्या जूनमध्ये परत विचारा. त्याच्या पुढच्या जूनमध्ये परत.

लूशस : डोकं फिरलंय तुझं. गुडघा पुन्हा गेला तर? पुढच्या जूनमध्ये विचारणार कोण?

मार्केल : कोण विचारतं तेही कळेल.

ओडेसा : मग इथेच कशाला? ज्यांनी पुसलं त्यांच्याचकडे?

मार्केल : त्यांच्याचकडे. ते दोन फ्री थ्रो मला त्यांच्यासमोर टाकायचेत, आई. ते लॉस एंजेलिसला जाऊन टाकता येत नाहीत. पाटी लावली म्हणून राहत नाहीये, मामा. आणि फळा पुसला म्हणून जातही नाहीये.

लूशस : मॅनेजर काय म्हणाला?

मार्केल : म्हणाला, असं आम्ही कुणाशीच करत नाही. वरती विचारून कळवतो.

लूशस : आणि वरचे नाही म्हणाले तर?

मार्केल : तर मी त्यांना सोडलं नाही, त्यांनी मला सोडलं. तेवढं बाहेरच्या मंडळींना सांगा.

ओडेसा : खिसा वाजतोय.

लूशस : क्लबचा आहे?

ओडेसा : लॉस एंजेलिसचा. तिसऱ्यांदा.

मार्केल : वाजू दे. मासा दे मला, शेपटीकडचा. भूक लागली आहे.

ओडेसा : कस्टर्ड खाऊन?

मार्केल : खाल्लं कुठे? फडकं धरून उभा होतो.

लूशस : मी बाहेर जाऊन काय सांगू, ओडेसा? सगळे दाराकडे बघतायत.

ओडेसा : सांग की सहा वाजून गेले आणि क्लबचा फोन अजून आलेला नाही. आणि जाताना ती पाटी काढू नकोस. धूर आहे अजून.